साक्षीदाराची मोकळी जागा

मी, श्रीमती मधुमती ज्ञानेश्वर खानझोडे, मूळची नागपूरची आणि लग्नानंतर कायमची लेस्टरची, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या दवाखान्यातल्या, डॉक्टरबाईंनी तशी खात्री करून घेतली. "सध्या पंतप्रधान कोण?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "बाई, आज सकाळची बातमी अजून ऐकली नाही. चुकले तर वेडी ठरवू नका." त्यांनी हसत हसत सर्टिफिकेट दिले. हृदयाचे मात्र त्यांनी 'घाई नाही, पण सामान बांधून ठेवा' अशा चेहऱ्याने सांगितले. म्हणून हे मृत्युपत्र. ते मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, दुपारचा चहा पोटात गेल्यावर करत आहे. याआधीचे रद्द समजावे. त्यात मी सगळे नवऱ्याला आणि त्याने सगळे मला दिले होते, पण तो पुढे निघून गेला.

मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत मला उत्तम भांडता येते पण लाड करता येत नाहीत. कोर्टासाठी इंग्रजी भाषांतर व्हायचे ते होईल.

कलम १. हे सगळे निस्तरण्यासाठी निष्पादक म्हणून मी माझी सॉलिसिटर अक्षया हिला नेमते. तिचा जन्म इथलाच. मसुदा वाचून ती म्हणाली, "मावशी, हा विल आहे की गॉसिप? कोर्टात एवढा सगळा कोण वाचणार?" मी म्हटले, "तू. फी घेतेस ना?" तेव्हापासून ती मुकाट्याने वाचते आहे.

कलम २. माझी मुख्य मिळकत म्हणजे 'फेरी' या कंपनीतला माझा हिस्सा. तो कोणाला, ते कलम ७ मध्ये आहे, पण तो आला कुठून हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर माझी माणसे म्हणतील, म्हातारीला लॉटरी लागली.

ज्ञानेश्वरांना पहिला झटका आला तेव्हा त्यांना आंघोळ घालायला एजन्सीकडून एस्थर मेन्सा यायची. घानाची बाई, हाताला देवाने कापूस लावलेला, पण रोज उशिरा. एकदा मी दारातच तोंड सोडले. ती म्हणाली, "मॅडम, मला इथून तीन गल्ल्यांवरचे दुसरे घर देत नाहीत. शहराच्या त्या टोकाला पाठवतात, मग परत इकडे. कॉम्प्युटर ठरवतो." मी जन्मभर कौन्सिलच्या पेरोलमध्ये काम केले आहे. कॉम्प्युटर काही ठरवत नाही, ठरवणारा माणूस त्याच्या मागे लपतो, हे मला ठाऊक होते. तसे मी बोलूनही दाखवले.

पुढच्या रविवारी एस्थर आपल्या मुलीला घेऊन आली. ती एफुआ. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. तिने शिकवलेली मुले तिची साहेब झाली होती आणि ती होती तिथेच होती. तिने माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि विचारले, "आंटी, तुम्ही कशाला चिडला होता, ते मला सुरुवातीपासून सांगा." मी सांगत गेले, ती लिहीत गेली, एस्थर मधूनमधून "खोटं! बस तिथून जातच नाही!" असे ओरडत होती. त्यातून जे तयार झाले त्यात घरोघर जाणाऱ्या केअररबाया स्वतःच सांगतात की कोणते घर जमेल आणि कोणते नाही, आणि मग वेळापत्रक बसते. इतकी साधी गोष्ट. कोणी केली नव्हती, कारण कोणी त्यांना विचारलेच नव्हते.

भांडवल बँकेने दिले नाही. ते आमच्या बेलग्रेव्ह रोडच्या बायकांच्या भिशीने दिले, आणि एस्थरच्या चर्चमधल्या बायकांच्या भिशीने. आमच्या भिशीत माझा नंबर लागला होता, ते पैसे मी त्यात घातले, तोच माझा हिस्सा. तिकडेही अगदी आपल्यासारखीच भिशी असते. तिला ते सुसू म्हणतात. एफुआला कंपनीचे नाव तेच ठेवायचे होते. मी म्हटले, बाई, मराठी माणूस हे नाव ऐकून आधी बाथरूम शोधेल. शेवटी 'फेरी' ठरले. भिशीचीही फेरी असते, केअररचीही.

कलम ३. लाकडी हँगर एक, चांगल्या स्थितीत. हा मी त्या बँकवाल्या गृहस्थांस देते, जे आम्हाला भेटायला आले आणि दारात उभ्या असलेल्या एफुआच्या हातात आपला ओला कोट देऊन सरळ माझ्याकडे हात पुढे करून आले. "सो यू आर द बॉस!" मी तोंड उघडणार तेवढ्यात एफुआने डोळ्यांनी दटावले. तिने कोट नीट झटकून अडकवला, परत आली, टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "कोट वाळेपर्यंत वेळ आहे आपल्याकडे. सुरू करू या." त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, हँगर पोचला की त्यांना समजेल. मी त्या दिवशी रागाने लाल झाले होते. एफुआ घरी जाताना बसस्टॉपवर पोट धरून हसली आणि मग थोडा वेळ हसली नाही. मला त्या न हसण्याचा आजही राग आहे.

कलम ४. माझे पुरणयंत्र आमच्या मंडळाच्या नीना हिच्याकडे कित्येक गणपतींपूर्वी गेले ते परत आले नाही. ते मी आता तिलाच देते, म्हणजे तिला पाप लागणार नाही. आरतीला आलेल्या एफुआकडे बोट करून "ही केटरिंगची का गं?" असे जिने विचारले तीच ही नीना. पुढल्या वर्षी मुलाला फेरीत चिकटवण्यासाठी एफुआच्या पुढे पेढ्यांचा बॉक्स धरून उभी राहिलेलीही तीच. एफुआने पेढा खाल्ला आणि मुलाला रीतसर अर्ज करायला सांगितले. मुलगा हुशार निघाला. आता तो एफुआच्या हाताखाली आहे आणि नीना तिला "आमची एफुआ" म्हणते. असो, पुरणयंत्राला एक जाळी कमी आहे.

कलम ५. ज्ञानेश्वर होजिअरीच्या कारखान्यात विणकामाच्या मशिनी दुरुस्त करत. त्यांची हत्यारांची पेटी, पाने, पक्कड, छोटे स्क्रू-ड्रायव्हर, सगळे डेबोरा ओकाफोर या मुलीला. दर शुक्रवारी माझ्या पुढच्या खोलीत एफुआ नवा धंदा काढणाऱ्या काळ्या मुलींना बसवते. कोणी ॲप करते, कोणी दुकान. शिकवणे कमी आणि "बँकेत काय बोललीस ते परत बोलून दाखव" हेच जास्त. त्यातली ही डेबोरा. घरातली ओल मोजणारे यंत्र करते आहे, म्हणजे पोरांना दमा होण्याआधी घरमालकाला गाठता येईल. तिने ज्ञानेश्वरांची पक्कड उचलली तेव्हा आधी फडक्याने पुसली. माझ्या मनाने पेटी तेव्हाच तिला दिली. तिचे यंत्र पहिल्यांदा वाजले ते माझ्याच भिंतीवर.

कलम ६. घर आणि बिल्डिंग सोसायटीतली, म्हणजे इथल्या पतपेढीतली, बचत त्या शुक्रवारच्या मुलींसाठी. एफुआने त्याची संस्था नोंदवली आहे. पुढच्या खोलीत त्यांनी बसावे, माडीवर लांबून आलेल्यांनी राहावे, आणि त्या ओलीचे आधी काहीतरी करावे. बिस्किटे चांगली आणावीत. स्वस्त बिस्किटे खाऊन कोणी मोठे स्वप्न बघितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कलम ७. आता हिस्सा. यावरच सगळे अडले आहे, म्हणून सावकाश लिहिते.

फेरीत एफुआचा हिस्सा निम्म्याला कमी पडतो. उरलेल्यातला बराचसा गुंतवणूकदारांचा आहे आणि मधला माझा. मी ज्या पारड्यात बसेन ते खाली जाते. एका मोठ्या कंपनीला फेरी विकत हवी आहे. गुंतवणूकदार तयार आहेत, एफुआ नाही. कारण घेणारे पहिल्याच दिवशी ते "कोणते घर जमेल" असे केअररना विचारणे बंद करणार, आणि एफुआला शोभेच्या खुर्चीवर बसवणार. मी आहे तोवर विक्री होत नाही. माझ्यानंतर ज्याच्या हातात हा हिस्सा, त्याच्या हातात एफुआची खुर्ची.

मला मूलबाळ नाही. माझ्या दिराचा मुलगा पुष्कर हाच घरचा. नागपूरहून वर्क व्हिसावर लंडनच्या बँकेत आला, आता ईलिंगला असतो, आणि ही विक्री त्याला पसंत आहे. गेल्या महिन्यात तो माझ्या टेबलावर आकडे मांडून बसला होता.

"काकू, ही ऑनेस्टली बेस्ट ऑफर आहे. एफुआलाही भरपूर मिळतंय. ती फाउंडर ॲम्बॅसेडर होईल."

"म्हणजे काय करेल?"

"कॉन्फरन्सला जाईल, स्पीचेस देईल."

"आणि ठरवेल कोण?"

"ते बोर्ड बघेल ना, काकू."

"म्हणजे पुन्हा कॉम्प्युटर ठरवणार," मी म्हटले. त्याला कळले नाही. मग एस्थरची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने कागद गोळा केले.

पोरगा वाईट नाही. पण एफुआचे त्याच्याकडे एक येणे आहे. तो या देशात आला आणि पहिल्याच शनिवारी काकांना बघायला आला. मी दुकानात गेले होते. एफुआ बाह्या दुमडून ज्ञानेश्वरांना सूप भरवत होती. हा आत शिरला, तिच्या हातात औषधांची पिशवी दिली, "अंकलची भांडी तेवढी धुऊन ठेवा," म्हणाला, आणि विचारले, "एजन्सी कोणती?" ती म्हणाली, "माझीच." याला वाटले, बाईला प्रश्न कळला नाही. सोमवारी याच्या बँकेत मोठा कार्यक्रम होता. दुपारी माझा फोन खणखणला. "काकू! तुमच्याकडची केअरर इथे स्टेजवर आहे! सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत!" ज्ञानेश्वर त्या झटक्यानंतर इतके हसले नव्हते. उशीवरून घसरले.

पुढे पुष्करने दहा वेळा माफी मागितली. एफुआने ती घेतली नाही. म्हणाली, "केअरर समजलास त्याची माफी कसली? माझी आई केअरर आहे. पण भांडी मी धुतली आणि तू थँक यू म्हणाला नाहीस. केअररलाही थँक यू म्हणतात." पुष्करने पुन्हा सॉरीच म्हटले. तेव्हापासून भेटला की ती हात पुढे करते, "माझे थँक यू?", तो लाजतो, आणि ते राहून जाते.

तर मग हिस्सा एफुआला देऊन मोकळी का होत नाही? कारण ज्ञानेश्वरांना मी शब्द दिला आहे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरून म्हटले, "मधू, पुष्करला विचारल्याशिवाय काही करू नकोस." 'पुष्करला दे' असे म्हणाले नाहीत, 'विचार' म्हणाले. मी एफुआला हे सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, "मग विचारा. मला तुमच्याकडून कोणाच्या हक्काचे नको." तिची खुर्ची पणाला लागलेली असताना ती हे म्हणाली, हे पुष्करने ध्यानात घ्यावे.

म्हणून मी अशी व्यवस्था करते. फेरीतला माझा सगळा हिस्सा मी पुष्कर यास देते. कोणत्याही कारणाने तो त्यास मिळू शकला नाही, तर तो एफुआ मेन्सा हिला मिळावा, पूर्णपणे आणि कायमचा.

या देशाचा कायदा असा की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मृत्युपत्र शाबूत राहते, त्याची देणगी तेवढी जाते. साक्षीदार दोन लागतात. शेजारची निवेदिता एक. (म्हणून तिला मी काहीही देत नाही. गुलाबाच्या कुंड्या तिने आजच उचलून नेल्या आहेत.) दुसरी जागा मी पुष्करसाठी मोकळी ठेवते. निवेदिताचा नवरा यतीन पेन घेऊन सोफ्यावर बसला आहे. पुष्कर उठला नाही, तर यतीन सही करेल, हिस्सा पुष्करचा होईल, आणि माझी माया तसूभरही कमी होणार नाही. काकांचे घड्याळ आणि गाडी मी त्याला आधीच दिली आहे, ती यात धरलेली नाही.

अक्षया म्हणाली, "मावशी, असा कोणी करत नाही!" माहीत आहे. पण मला विचारायचे आहे, आणि आमच्या घरात विचारण्याची पद्धत अशी की उत्तर द्यायला समोरच्याला उठावे लागते.

पुष्कर, एकच सांगते. भिशी आपल्याला लागते तेव्हा आपली वाटते. ती आपली नसते, आपला फक्त नंबर असतो. माझा नंबर झाला. मजा आली रे. साठीनंतर मला कोणी विचारेल असे वाटले नव्हते, आणि मी एका कंपनीत बसून भांडले, जिंकले, पार्ट्या केल्या. ते एफुआमुळे. तुझी फेरी तू ठरव.

कलम ८. माझ्यामागे रडारड नको. एस्थर गाणी लावेल, तिच्याकडे भरल्या आयुष्याला पांढरे कपडे घालून नाचतात, तसेच करावे. जेवायला वरण-भात आणि एस्थरचा जोलोफ भात, दोन्ही. जोलोफ तिखट असावा. एस्थरने मला बुधवारी जन्मले म्हणून 'एकुआ' असे नाव दिले आहे. माझ्या स्मृतीच्या पाटीवर तेही लिहावे. नीनाला बोलवावे. ती येताना पुरणयंत्र घेऊन येईल असे मला वाटत नाही.

हे सर्व पुष्कर, निवेदिता, यतीन आणि एफुआ यांच्यासमोर मोठ्याने वाचले. एफुआला मराठी फारसे कळत नाही, ती नावे ऐकून हसते आहे. आता सही करते.

मधुमती ज्ञानेश्वर खानझोडे
(ऊर्फ एकुआ)

ठिकाण: लेस्टर, माझ्या घरची पुढची खोली
शुक्रवार, दि. १४ मार्च २०२५

दोघा साक्षीदारांनी, एकाच वेळी, वरील बाईंना सही करताना डोळ्यांनी पाहिले आणि त्यांच्यासमोर आपापल्या सह्या केल्या:

साक्षीदार १: निवेदिता यतीन साठे, शेजारीण, लेस्टर.

साक्षीदार २: पुष्कर वसंत खानझोडे, ईलिंग, लंडन. पूर्ण वाचलेले ऐकून, कायदा समजून, स्वतः उठून सही केली. थँक यू, एफुआ. भांड्यांचेही.