उशिरा निघालेली उडी

प्रिय मास्तरीणबाई,

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, अशी धास्ती आहे. ठेवलंस तरी तुझा हक्क आहे. पण फोडलंच असशील, तर शेवटपर्यंत वाच.

आपला तो जुना व्हिडिओ गेम नव्या रूपात बाजारात आला, हे तुझ्या कानावर गेलंच असेल. छपरांवरून उड्या मारत घरी निघालेली आपली पोर! तेव्हा ती पडद्यावर मोजून शंभरएक ठिपक्यांची होती. आता तिच्या वेणीतला केस न केस वाऱ्यावर हलतो. चित्रं बघून लोक हरखले. मग प्रत्यक्ष खेळायला बसले आणि आठवड्याभरात सगळं मुसळ केरात. बटण दाबलं की पोर आधी गुडघे वाकवते, हात मागे नेते, मग उडते. दिसतं फार देखणं. पण तोवर छपराची कड संपलेली असते आणि ती धाडकन खाली.

शिंप्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत तू तीन आठवडे नुसती उडी घेऊन बसली होतीस. मी वैतागायचो. बटण दाबलं, उडी मारली, त्यात एवढं काय सोनं लागलंय, म्हणायचो. तू म्हणायचीस, "अरे, कडेवर आलं की माणूस बिचकतो, बोट जरा मागे राहतं. पाय सुटल्यावरही पापणी लवेपर्यंत त्याची उडी मान्य करायची. आणि आपण सांभाळून घेतलं, हे त्याला कळताही कामा नये." कुणाला कळलंही नाही. प्रत्येकाला वाटायचं, आपणच पटाईत.

खेळ गाजला आणि मासिकातून एक जण मुलाखतीला आला, त्या दिवशी तू तापाने घरी होतीस. ही उडी कुणी जमवली, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, मीच. छापून आलेलं तू वाचलंस, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलंस. महिन्याभरात तुझं टेबल रिकामं झालं. मी तुला सोडायला जिन्यापर्यंतसुद्धा आलो नाही.

उडी 'माझी' म्हणून नव्या खेळाचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. तुझं जुनं काम नव्या यंत्रावर चालेना; पहिल्यापासून मांडायचं होतं. चार महिने डोकं आपटलं. उडीचा वेळ कमी केला की पोर उंदरासारखी टुणटुण करायची, वाढवला की धोंडा. चित्रकार ते गुडघे वाकवणं सोडायला तयार नव्हते, आणि त्यांच्याशी भांडायला मला उडीतलं कळत होतं कुठे! शेवटी "हल्ली असंच आवडतं" म्हणून सही ठोकली.

त्याआधी काही जुन्या खेळाडूंना आम्ही खेळून बघायला बोलावलं होतं. त्यात एक नर्स होती. लहानपणी आजारी भावाच्या उशाशी बसून दोघांनी आळीपाळीने आपला खेळ संपवला होता म्हणे. पहिल्याच छपरावरून ती अकरा वेळा पडली. मग कंट्रोलर खाली ठेवून स्वतःच्या बोटांकडे बघत हसली. "वय झालं हो माझं, हात पूर्वीसारखे राहिले नाहीत," म्हणाली. मी शेजारीच उभा होतो. चूक माझी आहे, एवढं सांगायला तोंड उघडलं नाही; तिला पाणी आणून दिलं. तुझी उडी खेळणाऱ्याची चूक पोटात घालायची. मी माझी चूक तिच्या माथी मारली.

आता जे सांगायला बसलो, ते सांगतो. दीड वर्षापूर्वी, काम सुरू होतानाच, आमच्या कंपनीच्या प्रमुख बाई मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या त्या जुन्या सहकारी आहेत ना, त्यांना विचारा." दोन दिवसांनी मी सांगितलं, ती नाही म्हणाली. मी तुला फोन केलाच नव्हता. तू आली असतीस, तर उडी कुणाची ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना दिसलं असतं. काल मीटिंगमध्ये हे सगळं बोललो, मासिकातल्या त्या उत्तरासकट. बाईंनी तुझा नंबर मागितला. उडी दुरुस्त करायला येशील का, हे विचारायला सोमवारी त्या स्वतः फोन करतील. तू कधीच दिला नाहीस, तो नकार कुठून आला, हे तुला त्यांच्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. त्यांना हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मी त्या कामातून बाजूला झालो आहे, म्हणजे माझं तोंड बघावं लागेल ही अडचण राहिली नाही. या वेळचं उत्तर तरी तुझं असू दे.

तुझाच,
धांदरट