विमलच्या वाट्याची बाजू

१९ जानेवारी १९७९
दिवाळीपासून वहीत एक ओळ नाही. वहीची माफी मागणं वेडेपणाच, पण मागते. कारण आळस, दुसरं काही नाही. शिवाय शनिवारचा संभाषणाचा तास. मीच हट्टाने मागून घेतला, आता तोच डोकं खातो. नववी ब. उभं केलं की मुलं छताकडे बघून घोकलेलं म्हणतात. त्यांचा काय दोष? शिक्षकाने भाषण लिहून द्यायचं, मुलाने हातवाऱ्यांसकट पाठ करायचं, ही आपली रीत. यंदा मी कोणालाही एक ओळ लिहून दिलेली नाही.

संमेलनात वादविवाद. विषय मुलांनीच निवडला : शेतकऱ्याच्या मुलीने मॅट्रिक झालेच पाहिजे. बाजू चिठ्ठी टाकून. विमलला विरोधाची आली. तास संपल्यावर थांबली.

"बाई, बदलून द्या ना. मला तर मॅट्रिक व्हायचंय."

म्हटलं, म्हणूनच बदलणार नाही. न पटणारं नीट मांडता आलं की बोलणं आलं.

वाक्य माझं मलाच आवडलं.

२४ जानेवारी
विमलचा सराव. आवाज खणखणीत, मळ्यात हाका मारून कमावलेला. मुद्दे मात्र पुस्तकी. सांगितलं, एक तरी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली सांग. आणि बोलताना बघायचं ते सगळ्यात मागच्या माणसाकडे. त्याला पटलं की सगळ्यांना पटतं.

२७ जानेवारी
विमल पहिली आली!
तिचं बोलणं अजून कानात आहे. "मी शाळेत येते तेव्हा माझ्या वाट्याची फुलं आई खुडते. वाकून वाकून तिची पाठ धरली आहे. माझं शिक्षण आप्पांच्या खिशातून होत नाही, आईच्या पाठीवर होतं. आणि मॅट्रिक होऊन माझं काय होणार? शेतातला नवरा मला चालणार नाही, नोकरीवाल्याला मी चालणार नाही."
टाळ्या थांबेनात. मु.अ. म्हणाले, "बाई, ही पोरगी वकील होणार बघा."
मांडवाच्या अगदी टोकाला एक फेटेवाले गृहस्थ सायकल धरून उभे होते. ते तिचे वडील, हे मागाहून कळलं. ती सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होती. मी शिकवलं तसं.

५ फेब्रुवारी
विमल गेला आठवडाभर नाही. ताप असेल असं वाटलं होतं. आज तिच्या बाकावरच्या मंदाला विचारलं.
"ती नाय यायची आता, बाई. घरी ठिवली तिला."

८ फेब्रुवारी
शाळा सुटल्यावर मखमलाबादच्या बाजूला त्यांच्या मळ्यावर गेले. विमलने पाणी आणून दिलं, वर बघितलं नाही. आई ओट्यावर गुलाबाच्या जुड्या बांधत होती. वडील, काशिनाथराव, फार अदबीने बोलले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"बाई, हिच्या मायची पाठ मी रोजच बघतो. पण दिसली त्या दिवशी."
म्हटलं, अहो, ती स्पर्धा होती. तसं बोलायला मीच लावलं तिला.
"म्हंजी खोटं बोलली का ती?"
"खोटं असं नाही..."
"मग खरं?"
मी चहाची कपबशी उचलली.
"आन् चुकीचं बोलली आसंल तर पयला नंबर कसा दिला, बाई?"

वीस वर्षं वर्गात बोलते आहे. तिथे मात्र चहा संपवून निघून आले.

९ फेब्रुवारी
ह्यांना सगळं सांगितलं. आधी हसले. "बरं झालं मी तुझ्या वर्गात नव्हतो. बोहल्यावरून नाही म्हणून उतरलो असतो." मग म्हणाले, "आता तिलाच दुसऱ्या बाजूने बोलायला लाव की."

कसं लावू? घरात मांडव नसतो, वेळेची घंटा नसते. समोरचा माणूस मधेच बोलतो, नाहीतर उठून गुरांना वैरण टाकायला जातो. हे बोलणं मी शिकवलंच नाही. राहून गेलं, की मलाही येत नाही म्हणून टाळलं? प्रामाणिकपणे लिहायचं तर, ठाऊक नाही.

मु.अ. म्हणाले, महिनाअखेर आली नाही तर पटावरून नाव कमी करावं लागेल. त्यांचंही बरोबर.

११ फेब्रुवारी
फुलबाजारात विमल दिसली. पुढ्यात पाटी. माझ्याकडे बघून आधी फुलांवर पाणी शिंपडलं, मग बोलली.

"बाई, खोटं नव्हतं ते."
"माहीत आहे मला."
"पण मला शाळेत यायचंय. तेबी खोटं नाय." पाटीतली फुलं सारखी करत, "आप्पांना म्हटलं परवा. ते म्हणले, पोरी, एकदा काय ते ठरव."
"आणि आई काय म्हणते?"
"आई?" ती हसलीच. "तिला कोण इचारतंय?"
गिऱ्हाईक आलं, ती भाव सांगू लागली. मी निघाले.

घरी आल्यापासून तेच डोक्यात. त्या बाईच्या पाठीवर विमल बोलली, काशिनाथराव बोलले, त्या पाठीला मी पहिला नंबर दिला. ओट्यावर ती माझ्या हाताच्या अंतरावर बसली होती. तिचं नावही मी विचारलं नाही. ती काय म्हणेल कोणास ठाऊक. पोरीला घरीच ठेवा, असंही म्हणेल. मग?

उद्या : शाळेआधी मळ्यावर जाऊन विमलच्या आईला विचारणे.