नयेलीचा उजवा खांदा

प्रिय नयेली,

सांगतेय मी, तुझी आजी; हे शेजारची ओफेलिया लिहितेय. तिला बजावलंय, मी बोलेन तेवढंच लिही, तुझं शहाणपण मध्ये घालू नकोस. ती हसतेय. तेही लिही म्हटलं.

लिंबांची तोड सुरू झाली. तुझी आई दिवसभर शिडीवर असते. घरी आली की हात वर करून केससुद्धा बांधवत नाहीत तिला, मी बांधून देते. पण टीव्हीवर तुझा व्हॉलीबॉलचा सामना लागला की त्याच हातांनी टाळ्या पिटते. "आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी लिंबं सोडून दुसऱ्या कशासाठी हात वर करतंय," म्हणते. मी म्हणते, हो, चेंडू बडवायला.

ईस्टरला तू आलीस आणि माझ्या मालिशच्या टेबलावर पालथी पडलीस. "आजी, खांदा आखडलाय, नेहमीसारखा चोळून दे." अगं, सगळी वस्ती लचकलेलं, मुरगळलेलं घेऊन माझ्याकडे येते. आखडलेलं माझ्या बोटांना कळतं. तुझा आखडलेला नव्हता. नुसता अंगठा टेकवला तर हाड पुढे सरकलं, आणि तू दात आवळून म्हणालीस, गुदगुल्या होतात. जेवताना घेवड्याचं पातेलं तू डाव्या हाताने उचललंस.

तुमच्या संघाची फिजिओ डेनिस हेच सांगत होती ना? खांदा हवा तेवढा वळतो, पण त्याला धरून ठेवणारं बळ राहिलेलं नाही. रबरी पट्टा ओढ, स्मॅश कमी कर. त्या पट्ट्यावर मोजे वाळत घालतेस, असं तूच मला सांगितलंस. मीही हसले होते.

काल फोनवर म्हणालीस, शनिवारी गुपचूप येते, तू चोळलंस की दोन सामने तरी निघतील. डेनिसला कळलं तर बाकावर बसवतील, मग खेळावरची शिष्यवृत्ती कुठली. दोन सामने निघतील गं. माझ्या हाताने दुखायचं थांबेल, तू जोरात मारशील, आणि तो खांदा जागेवरून निखळेल. मग चेंडूही नाही आणि लिंबंही नाहीत. बळ चोळून आत घालता येत नाही, बाळा. माझ्याकडे यावर काही नाही.

म्हणून येऊ नकोस. सकाळी ओफेलियाकडून फोन लावून घेतला आणि डेनिसला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हा हंगाम गेला. पुढचा मिळेल का, तिलाही माहीत नाही. दुपारी ती तुला बोलावेल. चुगली कुणी केली, ते आधी माझ्याकडून कळावं. ओफेलिया या कागदाचा फोटो काढून आत्ता पाठवतेय. तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही, कसं सांगू ते सुचत नाही. तुला फोनच करणार होते. पण तू रडली असतीस, आणि मी ये म्हटलं असतं.

तुझीच,
आजी