टीव्हीच्या पाठीवरचं सील

२७ सप्टेंबर १९८७, पांढुर्णा
सकाळी नागपूरच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. गेल्या दसऱ्याला माझ्या शाळेच्या पगारातून घेतलेल्या रंगीत टीव्हीची गॅरंटी संपत आली. आता दोन वर्षांचा सर्व्हिस करार घ्या म्हणतो. बिघडला की पोस्टकार्ड टाकायचं, त्यांचा मेकॅनिक गाडीनं येणार, पार्टही त्यांचेच. अट एकच. मागच्या झाकणावर ते सील लावणार, आणि त्यांच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणी उघडलं तर करार रद्द.
हे त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मिलिंद समोर पोहे खाऊन राहिला होता. माझा दीर. स्टेशन रोडवर टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून त्याला वर्ष होत आलं. उठला, प्लेट मोरीत ठेवली न गेला. पोहे अर्धे तसेच.
माणसाला म्हटलं, विचार करून सांगते. १७ ऑक्टोबरला पुन्हा येतो म्हणाला. त्यानंतर करार मिळत नाही.

२९ सप्टें.
यांना विचारलं. "तुझा टीव्ही, तू ठरव." पेपरातून मानही वर नाही. घेतला तेव्हा स्वतःच्या सगळ्या पार्सल ऑफिसात "आम्ही घेतला" म्हणून सांगून आले. ठरवायची वेळ आली की माझा. डोकं फिरतं माझं.
पैशाचं काही नाही. सील लागलं की आख्ख्या गल्लीला कळणार. बाईचा सख्खा दीर मेकॅनिक आणि बाई बोलावते नागपूरहून माणूस. मग त्याच्याकडे सेट आणणार कोण?
पण हेही लिहून ठेवते, दुसरं कोणी वाचत नाही. माझ्या रेडिओत त्यानं हात घातला तेव्हापासून एकच स्टेशन लागते. मिक्सर चालतो, पण भांडं दाबून धरावं लागते. इस्त्री मात्र चांगली केली, खोटं कशाला बोलू. या घरात मला माझी एक तरी वस्तू कोणी न उघडलेली हवी आहे. एवढंच. हे जास्त मागणं आहे का?

२ ऑक्टो., दसरा
पहाटेच्या गाडीनं नागपूर. दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाबासाहेबांच्या पुस्तकांच्या दुकानापुढे आम्ही दोघं अर्धा तास. मिलिंद गायब. परत आला तेव्हा पिशवीत जाडजूड पुस्तक. मला वाटलं धम्मावरचं असेल. गाडीत उघडून बसला तर रंगीत टीव्हीचं, सगळे नकाशे न तारा. इंग्रजी.
"तुले समजते काय रे हे?"
"चित्रं समजते, वहिनी. बाकीचं तुम्ही सांगसाल."
काटोलपर्यंत मी त्याला एक पान वाचून सांगितलं. मला स्वतःला कप्पाळ समजलं नाही. तो माना हलवत होता. पाचवीत होता तेव्हा मी या घरात आले, पाढे माझ्याकडेच पाठ केले त्यानं. तेव्हाही न समजता अशाच माना हलवायचा.

४ ऑक्टो., रविवार
सकाळी ऐन कार्यक्रमाच्या वेळी टीव्हीवर मुंग्या. मिलिंद छपरावर अँटेना फिरवायला. वरून ओरडतो, "आलं काय?" मी खालून, "आलं. आलं. गेलं." हे मधेच, "आता आलं होतं, काहून फिरवलं?" शेवटी आलं. खाली उतरला, हात धुतले न दुकानात निघून गेला. तूही बस पाहायला म्हटलं तर "काम हाय." रविवारी कसलं काम. कंपनीचा माणूस आला त्या दिवसापासून टीव्हीसमोर बसतच नाही तो.

११ ऑक्टो., रविवार
रामाकोन्याचे पाहुणे येऊन गेले. सुनंदाचे मामा न तिची आई. मुलगी आम्ही मिलिंदसाठी मागेच पाहिली, सगळ्यांना पसंत. आज ते घर पाहायला आले. मामाच कर्ताधर्ता दिसतो. टीव्हीसमोर उभा राहिला, वरचा कपडा उचलून पाहिला.
"रंगीत हाय काय?"
"हो."
"बिघडला त?"
"घरचाच मेकॅनिक आहे न, मामा. आम्हाला काय काळजी?"
हे मी म्हटलं. इतक्या ऐटीत म्हटलं की माझाच मला विश्वास बसला. मामा खूश. मिलिंदनं ताटातून डोकं वर काढलं न माझ्याकडे पाहिलं. एवढा खूश मी त्याला कितीतरी दिवसांनी पाहिला.
म्हणजे ठरलं. करार नाही. सुटले एकदाची.

१४ ऑक्टो.
कुठली सुटले.
सावरगावच्या शाळेतून येताना पुलावर संत्र्याच्या आडत्याची बायको भेटली. हसून म्हणते, "बाई, तुमच्या मिलिंदनं आमचा टीव्ही केला न, चालू त झाला, पण सगळ्याईचे तोंडं हिरवे दिसते." नाव ठेवत नव्हती बिचारी, मजेनंच सांगत होती. मीही हसले. घरी आले न आधी टीव्ही लावला, सगळ्यांची तोंडं नीट पाहिली. मग स्वतःचीच लाज वाटली न बंद केला.
मिलिंदला विचारलं नाही. काय विचारू?

१६ ऑक्टो.
उद्या तो माणूस येणार. यांना पुन्हा विचारलं. "तू ठरव म्हटलं न." नवरा आहे की पोष्टाचा डबा.

१७ ऑक्टो., शनिवार
घेतला.
सकाळची शाळा होती. दुपारी घरी कोणी नाही, हे ड्यूटीवर, मिलिंद दुकानात. माणूस आला, सही केली. झाकणाच्या सांध्यावर चंदेरी कागदाचं सील चिकटवलं, वर लाल शिक्का. एवढंसं तर आहे. टीव्ही भिंतीला पार टेकवून ठेवला. कोण पाहते मागं?
बरं वाटलं. चहा होईपर्यंत. मग मिलिंद आला, "आज लवकर आलो, वहिनी," न खारी पुढे केली, माझ्यासाठी आणलेली. मी खाल्लीच नाही. तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं.
यांना सांगितलं. "बरं केलं," म्हणाले. मिलिंदला कोण सांगणार ते नाही बोलले.

२१ ऑक्टो.
सांगते सांगते म्हणता चार दिवस गेले. रोज सकाळी ठरवते. लग्न पक्कं होऊ दे, मग सांगेन. तो पुस्तक घेऊन बसतो, शब्द विचारतो, मी सांगून राहिले. फरशी रोज मी स्वतःच पुसते, टीव्हीमागे दुसऱ्या कोणाला जाऊ देत नाही. यांच्या लक्षात आलं, हसले. मला नाही हसू आलं.

२५ ऑक्टो., रविवार
मामा साक्षगंधाची तारीख काढायला आले. दुपारी जेवणं झाली, टीव्ही लावला, पाच मिनिटांत चित्र गेलं. आवाज चालू, चित्र नाही.
मामा मांडी घालून बसले. "चला जवाईबापू, पाहू द्या तुमचं काम."
मिलिंद स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. मी म्हटलं, राहू दे, पाहुणे आहेत, उद्या पाहशील. मामा म्हणे, "उद्या काहून? आमीबी पाहू." मिलिंदनं टीव्ही भिंतीपासून ओढला न मागं बसला. तिथून फक्त त्याचं डोकं दिसत होतं. डोकं हललं नाही कितीतरी वेळ. हे खिडकीबाहेर पाहत होते.
मग तो म्हणाला, "वहिनी, उघडू?"
आवाज नेहमीसारखाच. मामा हसले, "घरचा टीव्ही, इचारून काय राह्यला?"
मी "उघड" म्हटलं.
कागद फाटल्याचा आवाज मलाच ऐकू आला असेल. दोन तास बसला. घाम पुसत, पुस्तकात पाहत. चित्र आलं नाही. मामांच्या गाडीची वेळ झाली. तारीख काही ठरली नाही, "कळवतो" म्हणाले. दारात यांना एकदा म्हणाले, "पोरगा मेहनती हाय." बस एवढंच.
ते गेल्यावर मिलिंद तिथंच बसून होता.
"कवा लावलं, वहिनी?"
"आठ दिवस झाले."
"मले सांगतलं असतं त मीच म्हटलं असतं, घ्या म्हणून. मले रंगीत येत नाही अजून."
मी रडले. त्याच्यासमोरच रडले. तो उठला नाही, स्क्रू वाटीत गोळा करत राहिला.

२७ ऑक्टो.
टीव्ही तसाच उघडा, लाकडी तक्तपोसावर. परवापासून त्याला कोणी हात लावला नाही. कंपनीला पोस्टकार्ड टाकू का म्हणून यांनी विचारलं. यांनी स्वतःहून विचारलं ते पहिल्यांदाच. सील फाटलं, ते कशाला येतील, मी म्हटलं.
रामाकोन्याहून निरोप नाही.
दुपारी मिलिंदचं ताट वाढलं. आला, बसला. भाजी अळणी होती, माझं लक्षच नव्हतं. माझ्याकडे न पाहता मीठ मागितलं. मी दिलं. आता जेवून तो टीव्हीसमोर बसला आहे, पुस्तक मांडीवर. एक शब्द अडला आहे, बोट ठेवून केव्हाचा बसला आहे. अजून मला हाक मारली नाही.