सोडियम एकशेबारा

पुरानी बस्ती, रायपूर
३ मे २०२५

तीर्थरूप पद्मिनीताईंना सा. न. वि. वि.

त्या सकाळी मी नळाचं पाणी भरलं, अंगण झाडलं, कुकरला तुरीची डाळ लावली आणि यांचा डबा भरायला घेतला, तेवढ्यात यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आज वार कोणता. मी चिडून म्हटलं, कॅलेंडर समोर आहे, बघा. संध्याकाळी यांना आकडी आली. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

परवा तुमचं पत्र आलं. पायांच्या सुजेवर लघवी जास्त होण्याची गोळी सुरू झाली असं तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुमच्या भावालाही तीच होती. त्या गोळीनं काही जणांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, पहिल्या काही आठवड्यांत जास्तच. त्यात तुम्ही मीठ सोडलंत, वर पहाटे पाच तांबे पाणी पिता. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमची सूनबाई गंधाली "हव मामी" म्हणते आणि विसरते. म्हणून लिहिते आहे.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची सुशीला

अभनपूर
११ मे

चि. सौ. सुशीला हिस अ. आ.

तू काहून एवढी डॉक्टरकीची पुस्तकं वाचून राहिली? मले काही झालं नाही. डोकं जड राहते, जेवण नको वाटते, म्हणून पाणीच पिऊन राहिली. चालताना भिंत धरते. पुष्कर म्हणतो, आई, गर्मी है. रक्त सोमवारी देते. सोमवारी देते. अच्युतला डबा वेळेवर देत जा, त्याले भूक सहन होत नाही. रक्त सोमवारी देते.

आशीर्वाद आहेतच.

पद्मिनी

अभनपूर
२ जून

चि. सुशीला हिस अ. आ.

घरी येऊन आठवडा झाला. दवाखान्यातलं मले काही आठवत नाही. गंधाली सांगते, सोडियम एकशेबारा होतं. गोळी तिथल्या तिथे बंद केली, शिरेतून मिठाचं पाणी अगदी हळू सोडलं आणि दर काही तासांनी रक्त घेत राहिले. आपला पुष्कर नर्सशी भांडला म्हणे, दीदी, जल्दी चढाओ ना. डॉक्टरांनी त्याले बाहेर नेऊन समजावलं, की घाईनं चढवलं तर मेंदूला इजा होते, जीव वाचूनही माणूस लुळा पडू शकतो. आता एकशेछत्तीस आहे. वरणात मीठ आलं, पण पाणी मोजून. गंधाली पेला घेऊन जेलरसारखी उभी राहते.

एक सांग. मी तुले असं काय लिहिलं होतं, की तू पत्र हातात घेऊनच धावत आली? पोट्टे सांगत नाहीत.

जीव लावत राहा.

पद्मिनी

पुरानी बस्ती, रायपूर
६ जून

तीर्थरूप पद्मिनीताईंना सा. न. वि. वि.

तुम्ही मला सौ. लिहिलं होतं, आणि यांना डबा वेळेवर द्यायला सांगितलं होतं. लाजू नका, ते तुम्ही नव्हतात, ते सोडियम होतं. पेल्यावरून गंधालीशी भांडू नका. यापुढे कोणीही नवी गोळी लिहून दिली, तर आधी त्यांना ही हकीकत सांगा.

या भावजयीवरचा जीव असाच असू द्या, पुढचं वाचूनही.

तुमची सुशीला

ता. क. पत्र बुधवारी दुपारी हाती आलं. वाचताक्षणी मला कळलं होतं. तरी मी पुष्करला फोन केला नाही. हे गेल्यापासून दोन वर्षांत यांच्या जेवणाची चौकशी कोणी केली नव्हती. मी पत्र पुन्हा वाचलं, कणीक मळली, दोन पोळ्या जास्त केल्या आणि दोन ताटं वाढली. तिकडे तुमची शुद्ध हरपत होती, आणि इकडे मी संसार करत होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी अभनपूरला आले आणि तुम्हाला दवाखान्यात नेलं.