घर फ्यूजरावांना, टेप दादाला

मी, खाली सही करणारी, वय वकीलबाईंना ठाऊक, धंदा आधी नटी, मग गायिका आणि शेवटी लोक ज्याला "हे काय चाललंय?" म्हणतात ते, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो लिहिताना ते हसत होते आणि मीही हसत होते, पण हसण्याने कायद्याला बाधा येत नाही असं वकीलबाई म्हणतात. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं आणि त्यात सगळं मांजराला दिलं होतं.

कलम एक, घर. माझं दोन खोल्यांचं घर, गॅलरी आणि गळका नळ यांच्यासकट, फ्यूजरावांना द्यावं. नुसता राहण्याचा हक्क नव्हे, पूर्ण मालकी. फ्यूजराव म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे प्रकाशवाले. त्यांचं कागदोपत्री नाव वकीलबाईंनी पुरवणीत घातलं आहे. ते वाचून हा गृहस्थ कोण, असा प्रश्न मलाच पडला.

हे कलम दादामुळे पहिलं आलं. माझा थोरला भाऊ मध्यंतरी टेप घेऊन आला आणि "सहज" म्हणत भिंती मोजू लागला. मी स्वयंपाकघरात आहे हे पाहून त्याने फ्यूजरावांना हळूच विचारलं, "हिचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही कुठे जाणार? सामान फार नसेल ना तुमचं?"

फ्यूजराव म्हणाले, "एक शिडी आहे."

"शिडीचं बघता येईल हो," दादा म्हणाला.

शिडीचं बघता येईल आणि माणसाचं नाही! माझं दूध उतू गेलं आणि मी ते जाऊ दिलं. दादा टेप इथेच विसरला आहे. तो त्याला सन्मानाने परत करावा. या घरातलं त्याला एवढंच मिळेल.

वकीलबाईंनी विचारलं, "त्यांच्याशी नातं काय लिहू?" आम्ही लग्न केलेलं नाही. आधी वेळ नव्हता, मग सवय राहिली नाही. मी म्हटलं, रकाना रिकामा ठेवा, आधी ऐकून तर घ्या.

पहिल्याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला मी वाक्य विसरले. तोंड उघडं आणि आत काही नाही. वर दिव्यांपाशी बसलेल्या या माणसाने, ओळख ना पाळख, सगळा रंगमंच अंधारात बुडवला. अंधारात प्रॉम्प्टरने वाक्य सांगितलं, उजेड आला, मी बोलले, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "या नटीच्या अभिनयात अंधारही बोलतो." अंधार कसला बोलतोय, प्रॉम्प्टर बोलत होता! तेव्हापासून आमची खूण ठरली. मी डाव्या कानातल्याला हात लावला की अंधार.

कलम दोन, कानातले. हे थोरल्या बाईंना द्यावेत. त्या नाटकात माझ्या सासूचं काम करत. एकदा ऐन पळवून नेण्याच्या प्रवेशात माझा कान खाजला, फ्यूजरावांनी इमानाने अंधार केला, आणि नायकाने मला सोडून सासूला खांद्यावर टाकलं. उजेड आला तेव्हा तो विंगेपर्यंत पोचला होता. बाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. वास्तविक इतक्या टाळ्या त्यांना जन्मात मिळाल्या नव्हत्या.

कलम तीन, माझा आवाज. कंपनी मोडल्यावर मी जाहिरातींत गायले. गादीसाठी, चपलेसाठी, पाण्याच्या टाकीसाठी. टाकीचं गाणं खरोखर चांगलं होतं, टाकी गळायची. एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" म्हणणारी बाईसुद्धा मीच. मी दौऱ्यावर असले की फ्यूजराव त्या लिफ्टमधून वरखाली करत बसायचे. लिफ्टमनने अखेर त्यांना विचारलं, "साहेब, तुम्हाला जायचंय तरी कोणत्या मजल्यावर?" सगळी ध्वनिमुद्रणं भाचीला द्यावीत. ती गाते. तिने चपलेचं गाणं ऐकून घाबरू नये.

कलम चार, इस्त्री. उतारवयात मी दुकानाच्या काचेमागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री करण्याचा कलाप्रयोग केला. समीक्षक विचारात पडले आणि लोकांनी चादरी आणल्या. समोरचे लाँड्रीवाले तावातावाने आत आले. "बाई, कला करा, पण आमच्या पोटावर पाय का देता?" मग माझी इस्त्री बघून त्यांना राहवेना. "सरका जरा," म्हणाले आणि उरलेला प्रयोग त्यांनीच केला. इस्त्री त्यांनाच द्यायची होती, पण डॉक्टरांबरोबर तेही या कागदावर साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही करायची नाही, असा वकीलबाईंचा दंडक आहे. म्हणून ती त्यांना हयातीतच देऊन टाकली.

कलम पाच, भांडण. हा दंडक फ्यूजरावांनी ऐकला आणि बिनसलं.

"मला घर नको," ते म्हणाले. "मला सही करू दे."

"सही केलीस तर घर जाईल. दादा तुला बाहेर काढेल."

"काढू दे. इतकी वर्षं तुला वरून बघतोय मी. त्या डॉक्टरने तुझं काय बघितलंय? घसा!"

"आणि झोपशील कुठे?"

"शिडीवर."

आठवडाभर अबोला चालला. शेवटी मी वकीलबाईंच्या देखत त्यांना सांगितलं, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि तू रस्त्यावर असशील या विचाराने मला मरतासुद्धा येणार नाही. हे वाक्य मी रंगमंचावर नाही नाही त्या माणसांना म्हटलं होतं. फ्यूजरावांना पहिल्यांदाच म्हटलं, आणि विसरले नाही. फ्यूजराव म्हणाले, "बरं. घर घेतो. रडू नकोस, नाक लाल दिसतं." वकीलबाईंनी पुन्हा विचारलं, नातं? मी म्हटलं, लिहा, घरचे.

तेव्हा मला ज्याने सगळ्यात जास्त पाहिलं, त्या माणसाची सही या कागदावर नाही. ही उणीव मी पूर्ण शुद्धीत ठेवली आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

लिहून ठेवणारी: (सही, नेहमीपेक्षा मोठी)

साक्षीदार पहिले, डॉक्टर: आमच्या समक्ष सही केली. प्रकृती उत्तम. (सही)

साक्षीदार दुसरे, लाँड्रीवाले: आमच्या समक्ष. कागद चुरगळला होता, सरळ करून दिला. (सही)

तारीख: दहा जानेवारी, गुरुवार.

ठिकाण: ~~माझे~~ आमचे राहते घर.

(एका शब्दाची खाडाखोड मी स्वतः केली असून ती मला मान्य आहे. सही.)