इरु, मग पोडु

अप्पा, हे तुम्हांला वाचता आलं नसतं. तुम्ही बोलायचात मराठी, लिहायचात तमिळ, आणि देवनागरी समोर आली की चष्मा पुसायला घ्यायचात. मी ती पुण्यात नोकरीला असताना शिकले. तिथल्या लोकांना माझं बोलणं ऐकून मजा वाटायची, आणि तंजावूर म्हटलं की आणखीच. आता मी त्यांच्यासारखी लिहिते. बोलते मात्र आपल्यासारखीच, कारण इथे बोलायला अम्मा सोडून दुसरं आहे कोण?

राजवाड्यामागच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत, तुमच्याच खुर्चीवर मी दिवसभर बसलेली असते. समोर लॅपटॉप, त्यावर एका गाडीचे आलेख. गाडी धावते पुण्याच्या चाचणीच्या ट्रॅकवर, आणि तिचा गिअर कधी बदलायचा ते मी इथून सांगते. भयंकर ताकदीची गाडी आहे. आपल्या गल्लीत आली तर पहिल्या गिअरच्या पुढे जायची नाही. मी तिच्यात एकदाही बसलेले नाही. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही.

इंजिन ओरडायला लागलं की गिअर बदलावा, असं लोकांना वाटतं. तुम्हांलाही वाटायचं, पेट्रोलच्या काळजीनं. पण इंजिनाची ताकद शिखरावर पोचून उतरायला लागली, तरी काही वेळ खालचा गिअरच चाकांना जास्त जोर देत असतो. घाईनं वरचा टाकला की आवाज उतरतो, जिवाला बरं वाटतं आणि गाडी मरगळते. दोन्ही गिअरांचा जोर सारखा होईल तो क्षण शोधायचा आणि तिथे बदलायचा. तो क्षण आलाच नाही, तर अगदी शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणायचं. त्यापुढे मात्र यंत्रणाच इंधन तोडते. इंजिन नुसतं धडधडत राहतं, वेग वाढत नाही. मी हा क्षण आलेखावर शोधते. तुम्ही कानानं शोधायचात आणि पुष्कळदा चुकायचात.

एकदा मात्र चुकला नाहीत. पापनाशमचा रस्ता, एका बाजूला कालवा, समोर गावाकडची बस. स्टिअरिंगवर मी आहे, शेजारी तुम्ही, एक हात डॅशबोर्डवर. मी बसच्या बाजूनं गाडी काढते, भीतीनं लगेच तिसरा गिअर टाकते, आणि आपली जुनी गाडी तिथेच दम सोडते. समोरून लॉरी येते. मी कशीबशी पुन्हा बसच्या मागे शिरते. तुम्ही रागावलात. हिंमत नसेल तर बाहेर काढायचीच नाही, म्हणालात. मला रडू येत होतं, पण तुम्ही स्टिअरिंग परत घेतलं नाहीत. पुढे रस्ता मोकळा दिसला तेव्हा हळूच म्हणालात, "इरु." घरात आपण मराठी बोलायचो, पण गाडीत बसलात की तुम्हांला तमिळच सुचायचं. इरु, म्हणजे थांब. इंजिन किंचाळत होतं. "इरु… इरु… पोडु." टाक. मी गिअर टाकला तेव्हा बस मागे पडली होती. पापनाशमला तुम्ही मला कॉफी पाजलीत, आणि घरी येऊन अम्माला फक्त कॉफीचं सांगितलंत.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी रजा घेऊन आले. शेवटच्या दुपारी अम्मा पायांशी होती, मी उशाशी. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "इरु." पुढे काहीच बोलला नाहीत. तमिळमध्ये थांब आणि राहा यांना हा एकच शब्द. राहा म्हणायचं असतं तर घरातली मराठी आली असती तोंडात, असं मी मनाशी धरलं. गाडीतला शब्द आला, म्हणजे थांब, अजून वेळ झाली नाही. मग मी थांबले. रजा संपली, नोकरी सुटली, अम्माचे गुडघे दुखायला लागले. जुन्या साहेबांनी हे घरबसल्या करायचं काम दिलं, आणि त्यातच वर्षं गेली. थांबणं कधी संपलं आणि राहणं कधी सुरू झालं, मला कळलं नाही.

आता साहेब म्हणतात, आलेख पुरे, ट्रॅकवर ये, सगळी टीम तुझ्या हाताखाली देतो. या महिन्यात कळव. अम्मा पडवळ चिरत होती तेव्हा मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तू जा, मी हे घर सोडून येत नाही, खालच्या भाडेकरणीला रात्री सोबतीला बोलावीन. एवढं सोपं. मीच अडखळले. म्हटलं, अप्पा इरु म्हणून सांगटले होते ना मला.

अम्माचा हात थांबला. "तुज कोठें सांगटले?" ती म्हणाली. "नर्स सुई घेऊन आली होती. तिज सांगटले, इरु म्हणून. तिज मराठी कोठें येते?"

आणि पुन्हा चिरायला लागली. नर्स माझ्या पाठीमागे उभी असणार. मी वळून पाहिलंच नव्हतं.

महिना संपत आला. साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. आता मला कुणी अडवलेलं नाही, तुम्हीसुद्धा नाही, आणि खुर्चीतून उठवत नाही. अम्माशी मी आठवडाभर धड बोललेले नाही. तिला वाटतं, मला जायचं म्हणून वाईट वाटतंय. तसं नाही, अप्पा. तिनं ते मला सांगायला नको होतं.